शंभर रुग्णांचा वर्षभर माग: हार्ट फेल्युअरच्या एका अभ्यासाचा अनुभव

डीएम कार्डिऑलॉजीच्या तीन वर्षांत माझा सगळा जीव कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीच्या खोलीत होता. हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झालेला रुग्ण भेटायचा तो रात्री-अपरात्री, बसून धापा टाकत आलेला. ऑक्सिजन, लघवी वाढवणारं लॅसिक्सचं इंजेक्शन, चार-पाच दिवसांत सूज उतरली की डिस्चार्ज. घरी गेल्यावर त्या माणसाचं पुढे काय होतं, हे परीक्षेत मला कुणी विचारलं नाही आणि मीही कधी मनाला विचारलं नाही.

ते विचारायला लावलं ऊसतोड करणाऱ्या एका मामांनी. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नुकतीच रुजू झाले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये मामा दाखल झाले. इकोमध्ये पंपिंग २५ टक्के. (इजेक्शन फ्रॅक्शन हा शब्द आमच्या ओपीडीत चालत नाही, रुग्णही ‘पंपिंग किती आलं?’ असंच विचारतात. निरोगी हृदयाचं ते साधारण ५५ ते ७० टक्के असतं.) सूज उतरली, मामा वॉर्डात फिरायला लागले, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन घरी गेले. जानेवारीत त्यांना जीपमध्ये घालून कारखान्याच्या भागातून परत आणलं, तेव्हा सूज मांड्यांपर्यंत चढली होती. गोळ्या दिवाळीनंतर संपल्या होत्या. मामी म्हणाल्या, “उचल घेतली होती ना मॅडम. कोयता मोडून कसं चालंल?” नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ पैसे उचललेले असले की दोघांपैकी एकानं घरी बसायची सोय नसते. मामा तिसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर माझी सही होती आणि खाली लिहिलेलं होतं, ‘१५ दिवसांनी दाखवणे’. ते पंधरा दिवस उलटल्यावर आम्ही कुणी त्यांना एक फोनही केला नव्हता.

फेब्रुवारी २०२२ पासून मी दर गुरुवारी दुपारी फक्त हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची ओपीडी सुरू केली आणि रात्री वाचायला बसू लागले. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या पुढाकारानं २०१३ मध्ये १,२०५ रुग्णांची रजिस्ट्री, म्हणजे त्यांची पद्धतशीर नोंद झाली होती. त्यातले जवळपास ३० टक्के रुग्ण वर्षभरात दगावले होते, आणि रुग्णांचं सरासरी वय होतं साठीच्या आसपास. पाश्चात्त्य देशांत हाच आजार सत्तरी ओलांडलेल्यांचा समजला जातो. पुढे ५३ हॉस्पिटलांतल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या राष्ट्रीय रजिस्ट्रीचे आकडे आले. त्यात ९० दिवसांतच सुमारे १४ टक्के गेले होते. मला या आकड्यांच्या आत शिरायचं होतं. माणूस घरी गेल्यावर गोळ्या कधी बंद होतात, आणि का?

संशोधनाचा मला अनुभव होता तो फक्त पीजीच्या प्रबंधाचा. म्हणून आधी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईच्या संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन बेसिक कोर्स केला, मग गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं (जीसीपी), म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाच्या नियमांचं प्रशिक्षण. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी ही दोन सर्टिफिकेटं आधीच काढून ठेवावीत. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला अर्ज करताना ती लागतात, आणि माझ्या सहकारी डॉक्टरचं जीसीपी जुनं झाल्यामुळे आमचे तीन आठवडे गेले.

प्रोटोकॉलचा, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्याचा पहिला खर्डा २६ पानांचा झाला. त्यात सात उद्दिष्टं होती. तो घेऊन मी ओळखीच्या मेडिकल कॉलेजातल्या पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) सरांकडे गेले. सॅम्पल साइज, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे तो आकडा, त्यांनी काढून द्यावा एवढीच अपेक्षा होती. सरांनी तासभर शांतपणे वाचलं आणि पेन्सिलीनं सहा उद्दिष्टांवर रेघ मारली. “तुमचा प्रश्न गोळ्यांचा आहे ना? मग तोच विचारा.” हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपीची रक्ततपासणीही तेव्हाच गेली. आमच्याकडे एका तपासणीला दोन हजारांच्या वर खर्च, शंभर रुग्णांच्या दोन-दोन तपासण्या म्हणजे चार लाख, आणि माझ्याकडे अनुदान नव्हतं. त्या रात्री मला वाईट वाटलं. पुढे मात्र सारखं जाणवत राहिलं, की ती रेघ मारली म्हणून अभ्यास पुरा झाला. दाखल झालेले शंभर रुग्ण, डिस्चार्जनंतर ७, ३०, ९० आणि १८० दिवसांनी आणि वर्षानं गाठ किंवा फोन, आणि प्रत्येक वेळी एकच चौकशी: कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणती बंद झाली, का बंद झाली.

एथिक्स कमिटीकडे ऑगस्ट २०२२ मध्ये कागद दिले. एक गोष्ट आधी बघून घ्या: तुमच्या संस्थेच्या कमिटीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे झालेली आहे का आणि ती मुदतीत आहे का. प्रोटोकॉल, रुग्णाचं माहितीपत्रक व संमतीपत्र इंग्रजी, मराठी, हिंदीत, भाषांतराचं उलट भाषांतर, प्रश्नावली, सगळ्यांचे बायोडेटा, खर्चाचा अंदाज, विभागप्रमुखांचं पत्र. अकरा प्रतींच्या झेरॉक्स आणि स्पायरलला २,४०० रुपये लागले. आमच्या कमिटीची बैठक दोन महिन्यांतून एकदा असते, त्यामुळे तारीख मिळाली १५ ऑक्टोबर.

कमिटीत डॉक्टरांबरोबर एक वकील, एक समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि सामान्य नागरिक म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. डॉक्टर मंडळी आकडेमोडीवर खोदून विचारतील म्हणून मी तयारी करून गेले होते. पण त्या शिक्षिकाबाईंनी माझं मराठी संमतीपत्र पुढे ओढलं. त्यावर लाल पेनानं तीन ठिकाणी गोल केलेला होता, आणि तिन्ही गोलांत शब्द एकच: ‘हृदय निकामी होणे’.

“डॉक्टर, आमच्याकडे ‘हार्ट फेल झालं’ असं कधी म्हणतात माहीत आहे ना? माणूस गेल्यावर. समोर बसलेल्या जिवंत माणसाला तुम्ही हे वाचायला देणार?”

मला उत्तर सुचलं नाही. वर्षभर मी नातेवाइकांना ‘हार्ट फेल्युअर आहे’ सांगत होते आणि त्यांचे चेहरे पडताना बघत होते. ते आजाराला घाबरतात असं मी समजत होते. ते शब्दाला घाबरत होते. एक मुलगा तर त्याच वाक्यावर गावाकडे फोन करून भावकीला बोलावून बसला होता, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं.

घरी येऊन चार दिवस मी तेवढा एकच परिच्छेद लिहीत होते. वॉर्डातल्या मावशी, लिफ्टमन, माझी सासू, सगळ्यांना वाचून दाखवला. शेवटी असा झाला: ‘तुमच्या हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद (पंपिंग) कमी झाली आहे. त्यामुळे दम लागतो, पाय सुजतात, रात्री आडवं पडवत नाही. डॉक्टर याला हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय बंद पडलं आहे किंवा बंद पडणार आहे, असा याचा अर्थ नाही.’ तेव्हापासून ओपीडीतही मी हेच, याच क्रमानं बोलते. भाषांतर करणाऱ्यांनो, उलट भाषांतर अशा माणसाकडून करून घ्या ज्यानं तुमचा मूळ इंग्रजी मजकूर पाहिलेलाच नाही. माझ्या मैत्रिणीनं ते केलं तेव्हा ‘तुम्ही कधीही अभ्यासातून बाहेर पडू शकता’ याचं ‘तुम्हाला कधीही काढून टाकलं जाईल’ असं होऊन परत आलं, कारण माझं मराठी वाक्यच तसं झालं होतं.

मंजुरीचं पत्र ९ डिसेंबरला हातात पडलं. मधल्या काळात, नोव्हेंबरमध्ये, स्ट्राँग-एचएफ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. डिस्चार्जनंतर पहिल्या आठवड्यापासून वारंवार तपासून दोनेक आठवड्यांत औषधांचे डोस पूर्ण मात्रेपर्यंत नेले, तर सहा महिन्यांत मृत्यू आणि पुन्हा दाखल होणं कमी होतं. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी वेळेआधी थांबवली गेली. डिस्चार्ज कार्डावरचे ‘१५ दिवस’ आम्ही सगळ्याच रुग्णांसाठी ‘७ दिवस’ केले. ते कार्ड बदलताना मामांची आठवण झाली.

पुढची पायरी सीटीआरआय, म्हणजे आयसीएमआरची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री. नोंदणीला पैसे पडत नाहीत. पण एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी झालेली असावी लागते; मागाहून करू म्हणून चालत नाही. फॉर्म लांबलचक आहे आणि एका बैठकीत भरून होत नाही. मी १९ डिसेंबरला सबमिट केला आणि दोनदा शंका येऊन परत आला, दोन्ही वेळा माझ्याच चुकीमुळे. एकदा शीर्षक कमिटीच्या पत्रातल्या शीर्षकाशी शब्दशः जुळत नव्हतं. दुसऱ्यांदा पहिला रुग्ण घेण्याची जी तारीख टाकली होती, ती शंका-उत्तरांत उलटून गेली होती. ती तारीख महिना-दीड महिना पुढची टाका. नंबर आला २४ जानेवारी २०२३ ला.

पहिला रुग्ण २ फेब्रुवारीच्या गुरुवारी घेतला. साठीच्या आजी, अक्षरओळख नाही. अशा वेळी अंगठा घ्यायचा आणि अभ्यासाशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार सोबत लागतो. आमची सिस्टर त्यात धरत नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा मुलगा बसला आणि त्यानं सगळं मोठ्यानं वाचलं. चाळीस मिनिटं लागली. आजींनी एकच विचारलं, “नाही म्हणलं तर गोळ्या देताल ना?” माहितीपत्रकात पाचव्या क्रमांकावर असलेलं ते वाक्य, की नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, दुसऱ्या दिवसापासून मी आधी बोलू लागले.

प्रत्येकाला एक डिजिटल वजनकाटा दिला. घाऊक घेतल्यावर ६५० रुपयांना एक; निम्मे पैसे ट्रस्टनं दिले, निम्मे मी. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकसारख्या कपड्यांत वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर तो मेद नसतो, अंगात साठलेलं पाणी असतं. लगेच फोन करायचा. नोंदीसाठी आम्ही छापील तक्ते दिले होते. ते पहिल्याच महिन्यात हरवू लागले. मग एक काका आले ते घरचं कॅलेंडरच गुंडाळी करून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्याकडे दुधाचा हिशोब असायचा, दोन लिटर, दीड लिटर, खाडा. त्याच चौकटींत वर कोपऱ्यात त्यांच्या सुनेनं निळ्या पेननं वजन लिहिलं होतं: ५४.२, ५४.३, ५४.३, आणि एकादशीनंतरच्या दोन चौकटींत एकदम ५५.८. “उपासाच्या पापड्या आणि चिवडा,” सून म्हणाली. मीठ कमी खा म्हणून मी कितीदा सांगितलं असेल. त्या घराला ते पटवलं त्या दोन चौकटींनी. त्यानंतर तक्ते बंद केले आणि सगळ्यांना कॅलेंडरवरच लिहायला सांगितलं. आपल्या जेवणात मीठ कुठे-कुठे दडलेलं आहे ते तेव्हाच नीट कळलं: लोणचं, पापड, खर्डा, सुकट, भाकरीच्या पिठातली चिमूट, ताकात घातलेलं.

फोनसाठी वेगळं सिम घेतलं आणि एक साधा मोबाइल. फोन करायचं काम आमच्या सिस्टरांचं. दुपारी तीन ते चारच्या दरम्यान त्यांचा आवाज कॉरिडॉरमध्ये ऐकू यायचा: “लघवीची गोळी कोणती घेता? पांढरी? पाकीट जवळ आहे का, त्यावरचं पहिलं अक्षर सांगा.” रुग्णाला गोळीचं नाव विचारू नका, पाकीट हातात घ्यायला लावा. यामुळे निम्म्या चुका आम्हाला सापडल्या: कुणी दोन कंपन्यांची एकच गोळी दोनदा घेत होतं, कुणी सूज उतरली म्हणून चारही औषधं बंद करून फक्त लघवीची चालू ठेवली होती, खरं तर हृदयाला हात देणाऱ्या गोळ्या त्या चारच होत्या. खर्चाचं कारणही फार यायचं. महात्मा फुले योजनेचा आधार दाखल झाल्यावर मोठा असतो. घरी महिनोन्महिने घ्यायच्या गोळ्या मात्र खिशातूनच घ्याव्या लागतात. या चारांतल्या डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपून स्वस्त जेनेरिक आली होती आणि २०२३ च्या सुरुवातीला सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टनचीही आली. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहिलं की किती फरक पडतो, हे मी मेडिकलच्या काउंटरवर स्वतः उभी राहून पाहिलं.

नोव्हेंबर २०२३ आला आणि फोन लागेनासे झाले. १ तारखेला गाळप हंगाम सुरू झाला होता. ज्यांचा ९० किंवा १८० दिवसांचा फोन दिवाळीनंतर येत होता, त्यांतले कितीतरी सांगली, कोल्हापूर, कर्नाटकच्या फडांवर गेले होते. सिम बदललेलं, नाहीतर चार्जिंग नाही. ज्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप मांडला होता, तिथेच माझी माणसं नजरेआड होत होती. दोन रात्री मला झोप आली नाही.

मला सुचलेला उपाय सरळ होता: मुकादमाचा नंबर घ्यायचा. एकेका मुकादमाकडे बरेच कोयते असतात, तो निरोप देईल. प्रोटोकॉलमध्ये एवढा बदल करायलाही कमिटीची परवानगी लागते, म्हणून १६ डिसेंबरच्या बैठकीत दुरुस्ती ठेवली. वकील सदस्यांनी विचारलं, “दवाखान्यातून फोन आला म्हटल्यावर मुकादमाला कळणार की गडी आजारी आहे. त्यानं उचल परत मागितली तर?” मला घाम फुटला. मी त्या माणसांच्या भल्यासाठी धडपडत होते, आणि माझ्या एका फोननं त्यांचं वर्षाचं उत्पन्न जाऊ शकत होतं. मामा आजार लपवत फडात का राबले, त्याचं उत्तरही त्या प्रश्नात होतं.

दुरुस्ती मंजूर झाली ती वेगळ्या रूपात. मुकादमाचा नंबर घ्यायचा नाही. रुग्णानं स्वतः निवडलेल्या दोन माणसांचे नंबर घ्यायचे: बहीण, जावई, टोळीतली शेजारीण, गावची आशाताई. सिस्टरांनी फोनवर हॉस्पिटलचं नाव घ्यायचं नाही, आजाराचं तर नाहीच. “ताईचा फोन होता, सवडीनं लावा” एवढाच निरोप. आणि आधी घेतलेल्या सगळ्या रुग्णांची यासाठी नव्यानं संमती घ्यायची. त्यात जानेवारी आणि फेब्रुवारी गेले. सीटीआरआयवरही बदल नोंदवावा लागला. हंगामी स्थलांतर असलेल्या भागात काम करणाऱ्यांनी हे नंबर पहिल्याच दिवशी विचारावेत, आणि जाण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून द्याव्यात. दसऱ्याच्या आधीचा गुरुवार आम्ही आता त्यासाठीच ठेवतो.

काही फोन असे होते की सिस्टर ते लावून झाल्यावर जागेवर बसून राहायच्या. “आई गेली. तेरावं होऊन पंधरा दिवस झाले.” फॉर्ममध्ये मृत्यूची तारीख लागते आणि मृत्यू कसा झाला तेही: हळूहळू दम वाढत, की अचानक. हृदयाची ताकद संपत गेली की ठोक्यांची लय एकाएकी बिघडली, याचा अंदाज त्यावरूनच येतो, आणि पुढच्या रुग्णासाठी तो मोलाचा असतो. पण दुखवट्याच्या घरी हे विचारायचं कसं? आम्ही ठरवलं की पहिल्या फोनवर काहीच विचारायचं नाही. महिन्यानं मी स्वतः फोन करायचा, आधी त्यांना बोलू द्यायचं. बहुतेक वेळा विचारावंच लागलं नाही. माणसांना ते शेवटचे दिवस कुणाला तरी सांगायचे असतात. एका मुलानं पाऊण तास सांगितलं आणि शेवटी म्हणाला, “तुम्ही लिहून घेतलं ना सगळं?” मी घेतलं होतं.

शंभरावा रुग्ण २८ मार्च २०२४ ला घेतला. फडातून थेट आणलेले, ४० च्या आतले. त्यांचा वर्षाचा फोन २०२५ च्या २७ मार्चला, पाडव्याच्या तीन दिवस आधी लागला. बायकोनं उचलला. ते चाऱ्याला गेले होते. यंदा कोयता घेतला नाही, मेहुण्यानं उचलीचं बघितलं, शेळ्या घेतल्यात. सिस्टरांनी पाकीट आणायला सांगितलं. चारही गोळ्या होत्या, तिसऱ्या पाकिटात सहा शिल्लक. मग कॅलेंडर. तिनं एकेक चौकट वाचून दाखवली, सिस्टर मान हलवत लिहीत होत्या, मी दारात उभी होते.

एप्रिलमध्ये कमिटीला अंतिम अहवाल दिला. फॉर्म पाच वर्षं जपायचे आहेत म्हणून कुलपाचं कपाट घेतलं. पेपर लिहिते आहे. आकडे तज्ज्ञांनी तपासून छापल्यावरच सांगेन. त्या मोबाइलचा रिचार्ज २९ तारखेला संपत होता. अभ्यास संपला, सिम बंद करायचं का, असं सिस्टरांनी विचारलं. त्या दिवशी सकाळपासून त्यावर तिघांनी वजन कळवलं होतं. मी तीन महिन्यांचा रिचार्ज मारला.